नारायण पेठेतलं जुनं माडीचं घर : १ कोटी ९० लाख जास्त होतात का?

टाचणी

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते.

लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, भाड्याच्या गाळ्यात. राहायला आम्ही सिंहगड रस्त्याला, स्वतःच्या वन बीएचकेत. घरात नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. लग्नसराईत रात्री साडेनऊला शटर ओढायचं आणि मग त्या रस्त्याने घरी जायचं. उड्डाणपूल झाले, तरी माझं रोजचं रडगाणं काही संपलं नाही. त्यामुळे पेठेत काही मिळतंय का, हे शोधणं बरेच दिवस चालू आहे.

आता नारायण पेठेत एक घर विकायला निघालंय. अलका टॉकीजच्या चौकातून चालत पाच-सात मिनिटं. वाडा नाही आणि फ्लॅटही नाही. गल्लीत एकाला एक चिकटून घरं आहेत, मधल्या भिंती सामाईक, त्यातलं हे एक. तोंडाला १४ फूट, आत खोल ४७ फूट, मागे लहानसा चौक धरून. मालमत्ता पत्रकावर ६२ चौरस मीटर. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर माडीवर तेवढंच, त्याच्यावर पत्र्याखाली पोटमाळा. बांधकाम वीट-चुन्याचं, छताला सागवानी कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया आणि त्यावर फळ्या. मालक म्हणतात १९३६ चं. भाडेकरू नाही, घर रिकामं आहे. पश्चिमेकडचं घर पाडलेलं आहे, तिथे सध्या पत्रे ठोकलेला मोकळा प्लॉट आहे, त्यामुळे माडीवर वारा छान येतो.

मागणी १ कोटी ९० लाख. एजंटचं म्हणणं, "मॅडम, हा नुसता जागेचा भाव आहे, घर फुकट समजा. उद्या डेव्हलपमेंटला गेलं तर सोनं." मालकांचं म्हणणं, "पानशेतच्या पुरात उभं राहिलेलं घर आहे हे." दोघंही फार गोड बोलतात, म्हणून जरा धाकधूक वाटते.

आता मला ते का आवडलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझा कल कळेल. पुढची खोली उत्तरेला तोंड करून आहे. ओट्याच्या वर दोन मोठ्या खिडक्या, जुन्या, लाकडी, गज असलेल्या. मी भर दुपारी गेले होते. पिशवीत कापडाचे तुकडे होतेच. एक डाळिंबी, एक मोरपंखी आणि एक तो मेला चिंतामणी रंग, ज्याला मॅचिंग दोरा मिळता मिळत नाही. खिडकीशी धरून रिळं लावून बघितली. दुकानातल्या ट्यूबखाली जी दोन रिळं मला सारखीच दिसतात, त्यातलं एक इथे सरळसरळ निळं निघालं. ऊन अंगावर नाही, सावली हातावर नाही. गाळ्याचं भाडं वाचवून पुढच्या खोलीतच मशिनं टाकली तर? अस्तर, लेस, हुक, बटणं सगळं तुळशीबाग आणि रविवार पेठेतून पायी आणता येईल. बाहेर उन्हाचा कहर होता आणि आत पंखा न लावता बसवत होतं, हेही आहे.

न आवडलेलं : मधली खोली अंधारी. जिना इतका उभा की सासूबाई चढल्या तर उतरायच्या नाहीत, म्हणजे त्यांची खोली खालीच. तळमजल्याला पश्चिमेच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल आहे, रंगाचे पापुद्रे सुटलेत. वरच्या मजल्यावर त्याच भिंतीला छताजवळ तपकिरी डाग. संडास मागच्या चौकात.

सिंहगड रस्त्याचा फ्लॅट विकून, थोडं सोनं मोडून आणि बाकी कर्ज काढून जमवायचं आहे. भाव बरोबर आहे का? आणि नुसत्या भावापलीकडे काय बघायला हवं?

पेठकर_पक्का

जन्म सदाशिव पेठेत, बहुतेक मरणही तिथेच. त्यामुळे फुकटचा सल्ला द्यायचा हक्क आहे.

पाणी : पेठांत अजून बरं आहे. बाणेर-वाघोलीवाल्यांसारखा टँकरचा हिशोब ठेवावा लागत नाही. बाजारहाट, दवाखाना, बँक, नाटक सगळं चपलेच्या अंतरावर. गाडी : विसरा. सम-विषम तारखांचं पार्किंग पाळता पाळता दुचाकीसुद्धा नकोशी होते. गणपती : अलका चौकाजवळ म्हणजे सगळ्या विसर्जन मिरवणुकांचं शेवटचं टोक तुमच्या उशाशी. सुरुवात सकाळी, शेवट दुसऱ्या दिवशी. सासूबाईंना विचारून घ्या, कारण आवाजाचा त्रास त्यांनाच आधी होणार. कडीपाटाला तर दणका खास लागतो, भांडी फडताळात नाचतात.

आणि हो, माडीवर एमपीएससीची चार मुलं कॉट बेसिसवर (खाटेमागे भाडं) ठेवलीत तर हप्त्याला हातभार लागेल. आमच्या गल्लीत निम्मी घरं त्यावरच चालतात. फक्त मग संडास चौकात चालणार नाही.

वीटकाम

टाचणीताई, स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, आता निवृत्त. पेठांतली अशी घरं बरीच बघितली आहेत, काही टेकू लावून वाचवलीसुद्धा.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही वाऱ्याच्या नावाखाली लिहून टाकली आहे : पश्चिमेचं घर पाडलंय. ओल कुठे, तर पश्चिमेच्या भिंतीला. डाग कुठे, तर त्याच भिंतीला वर. ही भिंत दोन घरांच्या मधली म्हणून बांधली गेली. ऊन-पाऊस तिने कधी बघायचाच नव्हता. शेजारचं घर गेलं तेव्हा त्यांच्या तुळया उपटल्या, त्याच्या खोबणी भिंतीत तशाच उघड्या असतील. पुण्याचा पावसाळी वारा येतो पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून. म्हणजे दर पावसाळ्यात त्या खोबणींत पाणी भरतंय. पत्र्यावर चढून किंवा समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून ती बाजू बघा आणि फोटो टाका.

आता पुढचं. घराची रुंदी १४ फूट, म्हणजे कडीपाटाच्या तुळया पूर्व-पश्चिम टाकलेल्या असणार आणि त्यांची एका बाजूची टोकं याच ओल्या भिंतीत. जुनं सागवान खोलीच्या मधोमध कुजत नाही. ते कुजतं भिंतीत गेलेल्या टोकाशी, जिथे वारा नाही आणि ओल आहे. तेवढंच टोक सगळा भार पेलतं, ही त्यातली गोम. बघायचं असं : जाडसर पेचकस घ्या, स्टुलावर चढा आणि अगदी भिंतीला लागून तुळईच्या खालच्या अंगाला जोर लावून दाबा. चांगल्या सागात टोक रुतत नाही. कुजलं असेल तर बोटभर आत जातं आणि बाहेर काढल्यावर त्याला भुगा लागतो. मग हातोडीने तुळईवर ठोकत मधून भिंतीकडे या. मधे आवाज खणखणीत येतो. भिंतीशी आल्यावर भद्द झाला तर समजा. प्रत्येक तुळईला, दोन्ही मजल्यांवर. रंगाचे थर असतील तर आधी तासून घ्या, कारण वाळवी रंगाच्या आतून पोकळ करते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. मालक नको म्हणाले, तर त्यातच उत्तर मिळालं.

टोकं गेली असली तरी घर गेलं असं नाही. भिंतीलगत लोखंडी आधार देऊन किंवा टोक कापून नवीन सागाचा जोड देऊन काम होतं. पण त्याला पैसे लागतात आणि ते भावातून वजा व्हायला हवेत.

तळमजल्याच्या ओलीला दुसरंही कारण असेल. नख मारून बघा, गिलावा सिमेंटचा आहे का. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर कुणी सिमेंट थापलं की सोडायची वाट बंद, मग ओल आत कोंडून वर चढते. म्हणून ती कमरेपर्यंत आली असेल. वरून वॉटरप्रूफ रंग मारणारे भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा. सिमेंट काढायचं, भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्यायची आणि परत चुन्याचाच गिलावा. गूळ-हिरड्याचं पाणी घालून चुना मळणारे गवंडी अजून आहेत, कमी आहेत पण आहेत.

पुराचं म्हणाल तर १२ जुलै १९६१ ला त्या भागात पाणी आलं होतं, ते काही खोटं नाही. मातीत बांधलेल्या भिंती बसल्या, चुन्यातल्या बऱ्याच टिकल्या. मालकांची जाहिरात एवढ्यापुरती खरी. पण मी त्यावरून उलटं विचारेन : प्लॉट मुठेच्या निळ्या पूररेषेत येतो का लाल? (निळी नदीच्या जवळची, लाल तिच्या बाहेरची.) निळ्यात असेल तर नवीन बांधकामाची आशाच सोडा. नकाशावर बघून घ्या.

काही उत्तरं द्या. गल्ली किती रुंद? रस्तारुंदीची रेषा घराला लागते का? शनिवारवाड्यापासून किती लांब? (राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, म्हणून विचारलं.) मोकळ्या प्लॉटवर काय होणार आहे?

ईएमआय_ग्रस्त

ताई, मन मोडतोय, माफ करा. १.९० अधिक मुद्रांक शुल्क अधिक दुरुस्ती, म्हणजे सव्वादोन कोटींच्या घरात. तेवढ्यात कोथरूडला लिफ्ट, पार्किंग, झाकलेल्या गच्चीसकट ऐसपैस टू बीएचके येतो आणि वर पैसे उरतात. शिवाय बँक. माझ्या मेव्हण्याने शुक्रवार पेठेत असंच घर बघितलं होतं. बँकेच्या तांत्रिक मूल्यांकनवाल्याने इमारतीचं उरलेलं आयुष्य इतकं कमी लिहिलं की २० वर्षांच्या जागी ८ वर्षांचं कर्ज मिळत होतं. हप्ता बघून त्याने पाय मागे घेतला. टोकन देण्याआधी बँकेचा माणूस घरात फिरवून आणा.

जुन्या घराचं प्रेम मलाही आहे. पण ते दुसऱ्याच्या जुन्या घराचं.

फेरफार

सगळे भिंतीत अडकलेत. मी कागदावर येतो. आमचं वडिलोपार्जित घर आम्ही भावंडांनी विकलं, तेव्हा विकणाऱ्याच्या बाजूने सगळं भोगलंय.

मालमत्ता पत्रकावर नावं किती आणि कोणाची? आणि त्याहून महत्त्वाचं, कोणाची नाहीत? पेठांतल्या घरांत नेहमीची गोष्ट : वडील गेले, मुलांची नावं लागली, मुलीचं कुणी लावलंच नाही. मग भाऊ सांगतात की हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीआधीच वडील गेले, म्हणून बहिणीचा हक्क नाही. यात घोळ आहे. घर वडिलांनी स्वतः घेतलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगी १९५६ च्या कायद्यानेच पहिल्या वर्गाची वारस आहे, २००५ ची वाट बघायची गरज नाही. वडिलोपार्जित असेल तर २००५ ची दुरुस्ती, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही स्पष्ट केलंय की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही. सांगायचा मुद्दा, बहीण एक तर खरेदीखतावर सही करेल, नाहीतर तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. "ताई आमच्या शब्दाबाहेर नाही" हे वाक्य नोंदणी कार्यालयात चालत नाही.

वारसांपैकी कुणी परदेशात आहे का, तेही विचारा. असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला हवं आणि इथे आल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायला हवा. शिवाय त्याच्या वाट्याच्या पैशातून कर कापून भरायची जबाबदारी तुमची, विकत घेणाऱ्याची. इथल्या विक्रेत्याचा १ टक्का असतो, अनिवासीचा त्याच्या कितीतरी पट, आणि नफ्यावर नाही तर पूर्ण रकमेवर. त्याने आधी प्राप्तिकर खात्याकडून कमी दराचा दाखला आणला तर सगळ्यांचीच सुटका.

मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च वकिलाकडून, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, वीज आणि मिळकतकराची थकबाकी, हे तर करालच.

टाचणी

बाप रे, मंडळी! आभार. एकेक सांगते.

वीटकाम काका, समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाई माझ्याकडेच ब्लाऊज शिवतात, त्यांच्या गच्चीवरून बघितलं. तुम्ही म्हणता तशा खोबणी आहेत, ओळीने, दोन मजल्यांच्या उंचीवर. एकीत पिंपळ उगवलाय, चांगला हातभर. पेचकसाचं केलं. मालकांनी नको म्हटलं नाही, उलट स्टूल धरून उभे राहिले बिचारे. खालच्या मजल्यावर पश्चिमेच्या बाजूला दोन तुळयांत पेचकस गेला, बाकी टणक. वरच्या मजल्यावर तपकिरी डागाशी एक तर अर्धी पोकळ आहे, ठोकल्यावर मातीच पडली खाली. पूर्वेची सगळी टोकं खणखणीत. गिलावा सिमेंटचाच आहे, छातीच्या उंचीपर्यंत. वर चुना, नखाने पांढरी भुकटी निघते. मालक म्हणाले, ओल दिसायला लागल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून करून घेतला.

गल्ली साधारण ४ मीटर. घरापुढे ओटा आहे तेवढा रुंदीकरणात जाईल असं शेजारी म्हणतात, दाखला काढायला टाकलाय. शनिवारवाडा बराच लांब, त्या ३०० मीटरमध्ये येत नाही. पूररेषेचं बघतेय. मोकळ्या प्लॉटच्या मालकाने मागचाही प्लॉट घेतलाय म्हणे, दोन्ही एकत्र करून पाच मजली करायची आहे. खाली गाड्यांसाठी खड्डा खोदून ते वरखाली होणारं पार्किंग.

फेरफार, तुम्ही तर घरात येऊन बघितल्यासारखं लिहिलंत. पत्रकावर दोन भाऊ आणि तिसऱ्या भावाची बायको-मुलगा. बहीण आहे, नाशिकला असते, नाव नाही. आणि तो मुलगा अमेरिकेत.

ईएमआय_ग्रस्त, कोथरूडचा हिशोब घरी नवऱ्यानेही केलाय. पण टू बीएचकेत मी मशिनं टाकू शकत नाही, सोसायटी दोन दिवसांत नोटीस लावेल. गाळ्याला महिना २२ हजार जातात आणि मालक दर नवीन कराराला वाढवतो. तो पैसा माझ्या हिशोबात धरायलाच हवा. बँकेचा माणूस मात्र आणतेच.

पेठकर, गणपतीचं सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कमी ऐकू येतं, तू तुझं बघ."

वीटकाम

छान, आता बोलता येईल.

आधी तो पिंपळ. नुसता कापू नका, कापला की मुळं भिंतीत आणखी जाड होतात. मुळापर्यंत खोदून काढून ती जागा चुन्याने भरावी लागेल, आणि शक्य तितक्या लवकर, घर कुणाचंही असो.

मग भाव. एजंट म्हणतो हा जागेचा भाव, घर फुकट. मला एवढंच विचारायचंय, की मग ज्याला जागा हवी आहे तो का घेत नाही? शेजारीच बिल्डर आहे, दोन प्लॉट त्याने एकत्र केलेत. हा तिसरा त्याच्या अंगाला लागून, भाडेकरू नसलेला, रिकामा. तरी मालक तुमच्याकडे स्टूल धरून उभे आहेत. याचा अर्थ एक तर त्याने घेतलं नाही, किंवा त्याने सांगितलेला भाव यांना पटला नाही. तो आकडा काढा. शेजाऱ्यांना माहीत असतो, पेठेत काही लपत नाही.

त्याला का नको असेल हेही उघड आहे. ४ मीटरच्या गल्लीवर एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ते प्रमाण) फार मिळत नाही. पुढची पट्टी रुंदीकरणात गेली की ६२ चौरस मीटरमधून आणखी कमी. उरलेल्या १४ फूट रुंदीच्या पट्टीत जिना, लिफ्ट, पार्किंग बसवून विकायला काय राहतं? हा प्लॉट एकट्याने कधीच सोनं होणार नाही. शेजाऱ्यांत मिसळला तरच. आणि शेजाऱ्याची इमारत एकदा उभी राहिली की ती वाट ३०-४० वर्षं बंद. तुम्ही नंतर स्वतः पाडून बांधायचं म्हटलंत तरी आज जेवढी जागा वापरताय तेवढी परत मिळेल याची खात्री नाही. म्हणजे हे घर म्हणूनच घ्यायचं आणि घर म्हणूनच त्याची किंमत करायची. "डेव्हलपमेंट" हा शब्द वजा.

घर म्हणून काय आहे? १८ इंची भिंती सोडून दोन्ही मजल्यांवर मिळून वापरायला आठशे चौरस फूट धरा, पोटमाळा सामान ठेवायला. तुमच्याच भागात लिफ्ट नसलेल्या ३०-३५ वर्षं जुन्या इमारतीत फ्लॅट काय भावाने जातात ते विचारा. एजंट सांगतो तो नाही, इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी झालेल्या सौद्याच्या सरकारी उताऱ्यावर लागलेला. समजा चौरस फुटाला १२ हजार निघाले, तर ९६ लाख. आता त्यावर चढवा : स्वतःची जमीन, सोसायटीची कटकट नाही, तळमजल्याला रस्त्याला तोंड असलेली खोली, मागे चौक. त्याला मी ४० लाखांपर्यंत देईन, कारण तुमचं दुकान त्यातून चालणार आहे. दुसऱ्या कुणाला ते २० लाखांचंही नसेल. झाले १ कोटी ३६. त्यातून दुरुस्ती वजा करायची. तीन तुळयांची टोकं, पश्चिमेची भिंत बाहेरून चुन्यात नीट करणं, सिमेंट काढून गिलावा, पत्रे आणि खालची लाकडं, संपूर्ण वायरिंग, ड्रेनेज, घरात संडास-बाथरूम. न बघता सांगतोय, पण २५ लाखांच्या खाली होईल असं वाटत नाही. म्हणजे १ कोटी १० ते १५.

मालकांना हे ऐकून भोवळ येईल. येऊ द्या. पण आधी रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दराने होणाऱ्या किमतीचा आकडा काढून ठेवा. सौदा त्याच्या खाली केलात तरी मुद्रांक शुल्क रेकनरवरच लागतं, आणि फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर तुम्हाला आणि त्यांना दोघांनाही प्राप्तिकराचा त्रास. जमिनीचा दर धरून रेकनर या घरांना बरेचदा जड जातो. त्यामुळे माझा १ कोटी १५ आणि त्यांचा १ कोटी ९० यांच्या मधे कुठेतरी ती पायरी लागेल, आणि सौदा बहुतेक तिच्या जवळपासच बसेल.

आणि खड्डा. ही मला सगळ्यात मोठी भीती आहे, कुजलेल्या टोकांपेक्षा मोठी. तुमचा पाया काळ्या दगडाचा, फारतर चार-पाच फूट खोल. शेजारी पार्किंगसाठी त्याच्या दुप्पट खोदणार, तुमच्या भिंतीला लागून. नीट आधार देत, टप्प्याटप्प्याने खोदलं तर काही होत नाही. घाईने, ऐन पावसाळ्यात खोदलं तर आख्खी भिंत बाहेर झुकते, असं प्रत्यक्ष बघितलंय. घर घेणार असाल तर खोदाईआधी आतून-बाहेरून तारखेसह फोटो काढा. तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवा. भिंत हलली की काच तडकते, मग वाद उरत नाही. शेजाऱ्याकडून त्याच्या इंजिनियरचा आराखडा लेखी मागा. पश्चिमेची भिंत त्याच्या खर्चाने नीट करून देण्याचं त्याच्याकडून घेता आलं तर बघा. त्याला तुमची तक्रार महापालिकेत नको असते, त्यामुळे बोलणी होतात.

फेरफार

वीटकाम सरांचं रेकनरचं अगदी बरोबर. त्यात भर : खरेदी ताईंच्या एकट्यांच्या नावावर करा. पुण्यात ७ टक्के लागतात, बाईच्या नावावर ६. दीड कोटीवर दीड लाख वाचले. नोंदणी फी ३० हजारांच्या वर जात नाही. स्वतः राहत असल्याची महापालिकेची ४० टक्के करसवलत नव्याने अर्ज करून घ्यावी लागेल, आणि पुढच्या खोलीत दुकान टाकलंत की तेवढ्या भागाला बिगरनिवासी कर लागेल. भाडं वाचतंय २२ हजार, त्यात हे धरून टाका.

नाशिकच्या ताईंना तुम्ही स्वतः एक फोन करा. भावांच्या फोनवरून नाही.

पेठकर_पक्का

बिल्डरच्या आकड्याचं मी बघतो. त्या गल्लीतला दूधवाला आमच्याकडेही येतो.

टाचणी

मंडळी, जरा उशिराने लिहितेय, लग्नसराई.

पेठकरांच्या दूधवाल्याला साष्टांग. बिल्डरने म्हणे १ कोटी २५ सांगितले होते, तेही रोख नाही, वरच्या मजल्यावर एक फ्लॅट आणि उरलेले पैसे ताबा देताना. भावांना फ्लॅट नको, वाटणी करायची आहे, म्हणून फिसकटलं. हे एजंटला ऐकवल्यावर त्याचं "सोनं" एकदम चांदीवर आलं.

नाशिकच्या ताईंना फोन केला. छान बोलल्या. त्यांना हक्क सोडायचा नाहीये, वाटा हवाय, आणि तो मागायला त्या भावांशी बोलायला तयार आहेत, आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणाल्या. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला, की ताईंचं नाव लावायचा अर्ज करतोय. अमेरिकेतला मुलगा दाखल्यासाठी सीए गाठतोय.

रेकनरचं मूल्यांकन वकिलांनी काढलं, १ कोटी ३८. पूररेषेत निळ्याच्या बाहेर आहे, लाल रेषेच्या आत येतंय. बँकवाल्याने १२ वर्षांच्या वर जायला नकार दिला. हप्ता बसतोय, पण मुलाच्या कॉलेजची फी धरली तर हात आखडता घ्यावा लागेल.

मी १ कोटी ३५ सांगितलेत. पश्चिमेच्या भिंतीचं काम माझ्याकडे, पिंपळ काढून देणं त्यांच्याकडे. ताईंचं नाव पत्रकावर लागल्याशिवाय टोकनचा रुपया नाही, हे लेखी. ते १ कोटी ५५ वर आहेत. मी ४० च्या पुढे जाणार नाही, हे इथे लिहून ठेवते म्हणजे मोहात पडले तर तुम्ही आठवण कराल. नवरा अजून कोथरूडच्या जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोय. पाठवू दे.

पोटमाळ्यावर एक लाकडी पेटी निघाली, मालकांच्या आजीची, त्यात मोठ्या बोथट कात्र्या. त्या घरासोबत मिळणार का, असं विचारलं, तर म्हणाले कात्र्या घ्या, पेटी नाही.

वीटकाम काका, चुन्यात काम करणारा विश्वासाचा गवंडी तुमच्या माहितीत असेल तर नाव द्याल का? सौदा झाला नाही तरी त्याच्याकडून भिंतीचा अंदाज काढून घ्यायचा आहे, म्हणजे पुढच्या बैठकीत हातात कागद असेल.

वीटकाम

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. तो सकाळी सातच्या आत फोन उचलतो, नंतर नाही. आणि १ कोटी ४० ला मी हरकत घेणार नाही, पण त्यापुढे गेलात तर इथे येऊन ओरडेन.